सेल्टिकचा ‘बर्फाचा सुळका’

बचावपटू म्हटला की धसमुसळेपणा आलाच, या समजाला ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा फुलबॅक अ‍ॅलेक मॅकनेअर याने २१ वर्षे छेद दिला. स्टेनहाउसम्यूर संघातून तो १९०४ मध्ये सेल्टिककडे आला. कितीही दडपण आले तरी अविचल राहणाऱ्या या खेळाडूला ‘आयसिकल’, अर्थात बर्फाचा सुळका म्हणत. अंगावर धावून जाण्यापेक्षा नेमक्या जागी आधीच उभे राहण्यावर त्याचा भर असे. अडचणीत तो गोलरक्षक चार्ली शॉकडे चेंडू मागे सोपवी. असा चेंडू हातात घेण्याची गोलरक्षकाला १९९२ पर्यंत मुभा होती. हा भित्रेपणा खचितच नव्हे. नोव्हेंबर १९१५ ते एप्रिल १९१७ या काळात सेल्टिक लीगमध्ये सलग ६२ सामने अपराजित राहिला. बारा लीग विजेतेपदांनंतर, १९२५ मध्ये, चाळिशी ओलांडलेला मॅकनेअर निवृत्त होऊन डंडी क्लबचा व्यवस्थापक झाला.