भेंडीच्या मुळाशी

फेब्रुवारी सरता सरता टिटवाळ्यापलीकडच्या मळ्यांत भेंडी दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहते. पाणी तर कालच दिलेलं असतं. मग युरिया पडतो, तेवढ्यानं भागलं नाही की दुकानदार सांगेल ती बाटली येते. झाडं तरी पिवळट आणि खुरटलेलीच. त्यातही सगळं शेत बिघडत नाही, मधलाच एखादा पट्टा बसतो. असा पट्टा दिसला की जाणता माणूस पानं उलटीपालटी करत बसत नाही. तो कुदळ मागतो.

रोप हिसका मारून उपटलं तर बारीक मुळं तुटून मातीतच राहतात आणि पुरावाही तिथंच राहतो. म्हणून कडेनं खणायचं, ढेकळासकट उचलायचं आणि बादलीच्या पाण्यात हलक्या हातानं धुवायचं. माती तळाशी बसली की गाठाळलेली, वेडीवाकडी सुजलेली मुळं दिसू लागतात.

शहापूर, मुरबाड, कल्याण या तालुक्यांत भात निघाल्यावर भेंडी, काकडी, कारली, वांगी घेतली जातात. इथली भेंडी आखाती देशांपर्यंत जाते. ही सगळीच पिकं मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या आवडीची. शेजारच्या खाचरात वाल असला तर मात्र घोटाळा होतो, कारण गाठी त्याच्याही मुळांवर असतात. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या. नखानं ढकलल्या की सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी निघतात. कृमीची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच, ती सुटणार कुठून? या नखाच्या परीक्षेला पैसा लागत नाही. तरीही ती बहुधा बाटलीनंतरच होते.

अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. मुळाच्या टोकाजवळून ते आत शिरतं, तोंडातली पोकळ सुई पेशींत खुपसतं आणि झाडाकडूनच आपली सोय करून घेतं. त्याच्या तोंडाभोवतीच्या पेशी अवाढव्य वाढतात, त्यांत कित्येक केंद्रकं तयार होतात आणि झाडाचं अन्न तिकडे वळतं. मादी त्याच जागी फुगून बसते, पुन्हा हलत नाही. ती चिकट गोळ्यात 200 ते 500 अंडी घालते. उबदार मातीत हा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. भेंडी शेतात तीन-चार महिने उभी असते, तेवढ्यात पिढ्या किती होतील याचा हिशेब सोपा आहे.

प्रयोगशाळेसाठी माती घ्यायची तीही वेगळ्या रीतीनं. खतांच्या तपासणीची माती सावलीत वाळवून पाठवतात, इथं वाळवली की तपासायला काही उरत नाही. 15-20 सेंटिमीटर खोलीची, मुळांलगतची ओलसर माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हापासून जपत न्यायची. तिथं ती पाण्यात कालवून बारीक होत जाणाऱ्या चाळण्यांतून काढतात. उरलेला गाळ पातळ कागदावर पसरून नरसाळ्यातल्या पाण्याला टेकवून ठेवतात. कृमी वळवळत कागदातून खाली उतरतात. त्यांना वर पोहता येत नाही, त्यामुळे ते नरसाळ्याच्या चिमटा लावलेल्या नळीच्या तळाशी जमतात. दीड-दोन दिवसांनी चिमटा सैल करून थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं की काचेचे धागे हलावेत तसे ते दिसतात. ही युक्ती बेअरमान नावाच्या डॉक्टरची. 1917 मध्ये जावा बेटावर माणसाच्या पोटातल्या अंकुशकृमींची पिल्लं मातीत शोधताना त्यानं ती काढली. शेतीला ती आयतीच मिळाली.

उपायांत झटपट असं फार थोडं आहे. पूर्वी सर्रास टाकल्या जाणाऱ्या फोरेट या कीटकनाशकावर 2020 अखेर देशात बंदी आली, आणि ते बरंच झालं. निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, अंडी खाणारी पर्प्युरिओसिलियम बुरशी उपयोगी पडतात, पण लागवडीआधी मातीत गेली तर. झेंडूची मुळं कृमींना मारक द्रव्यं सोडतात. मात्र बांधावर शोभेची चार रोपं लावून भागत नाही, दोन-तीन महिने त्याचं पीकच घ्यावं लागतं. गंमत म्हणजे भाताच्या रोपांसाठी ठाणे जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या भाजला जाणारा राब हाही एक उपायच आहे. गुजरातेत बिडी-तंबाखूच्या रोपवाटिकांत याच कृमींसाठी असं भाजण्याची शिफारस आहे. धुरामुळे राबाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं तरी त्याच्या खात्यावर मांडावं.

ज्यांना जाळायचं नाही त्यांच्यासाठी एप्रिल-मेचं ऊन आहे. वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकनं चार ते सहा आठवडे घट्ट झाकला की वरच्या थरातली बरीच पिल्लं आणि अंडी उष्णतेनं मरतात. डोंबिवलीच्या गच्चीवरही हे जमतं. तिथं टोमॅटो दुसऱ्या वर्षी धरत नाही, जुनी माती सोसायटीच्या बागेत ओतली जाते आणि दुखणं जिन्यानं खाली उतरतं. त्याऐवजी तीच माती ओली करून पारदर्शक पिशवीत पातळ पसरावी आणि उन्हात ठेवावी.

पण कृमी गच्चीवर चढतो तो विकतच्या रोपाबरोबर किंवा मातीबरोबर. वांग्या-टोमॅटोची रोपं घेताना पैसे देण्याआधी एक रोप ट्रेमधून काढून, मुळं पाण्यात बुचकळून बघावीत. रोपवाला कुरकुरेल, त्या एका रोपाचे पैसे वेगळे लावेल. ते द्यावेत.