निरोगी माडाची तपासणी

केरळात कायमकुळमच्या आसपासच्या वाड्यांत आजारी माड ओळखायला यंत्र लागत नाही. झावळीची पाती आत वळून बरगड्यांसारखी दिसतात, खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात, कडा करपतात. माड मरत नाही. दरवर्षी थोडे कमी नारळ देत तो उभा राहतो, आणि मालकालाही तो तोडवत नाही. १८८२च्या महापुरानंतर ईराट्टुपेट्टा भागात हा रोग पहिल्यांदा नजरेत भरला. शास्त्रज्ञ त्याला ‘रूट विल्ट’ म्हणतात. दोष मुळांचा, बुरशीचा की जमिनीचा, यावर अनेक दशकं वाद चालला. १९८३मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत फायटोप्लाझ्मा दिसला. पेशीभित्ती नसलेला हा जिवाणू काचेच्या बशीत वाढवता येत नाही. त्याचा माग काढायचा तो मुख्यतः डीएनएवरून.

त्यासाठी नमुने घ्यायला आलेली मंडळी वाडीतल्या सगळ्यांत हिरव्यागार माडाकडे वळली, तेव्हा मला नवल वाटलं. कारण साधं होतं. या रोगावर औषध नाही. फ्लोरिडात अशाच एका रोगासाठी शोभेच्या पाम झाडांच्या खोडात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचतात, पण तेही थांबलं की दुखणं उलटतं, आणि नारळ खायचा असेल तर तो विचारच नको. आजारी माडाचं निदान करून त्याला काहीच मिळत नाही. चाचणी उपयोगी पडते ती भोवतालचे माड खंगत असताना धडधाकट राहिलेल्या माडासाठी. बियाण्यासाठी असे मातृवृक्ष निवडूनच ‘कल्परक्षा’ आणि ‘कल्पश्री’ या वाणांपर्यंत पोहोचता आलं.

माडावर चढलेल्या माणसाने शेंड्यातला न उघडलेला, पांढुरका कोंब बेताने कापून खाली दिला. कोंब थोडाच काढतात. वाढीचा शेंडा एकच असतो, तो दुखावला तर माडच गेला. प्रयोगशाळेत पात्यांचा हिरवा भाग बाजूला करून हीर तेवढे ठेवतात, ज्यांच्या कोकणात केरसुण्या होतात तेच. रसाच्या नळ्या तिथे दाटीने असतात. हिरांचे तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून खलात कुटले की भुकटी होते. माडाचे धागे मोठे चिवट, शिवाय त्यांतली टॅनिनसारखी द्रव्यं पुढची रासायनिक क्रिया बिघडवतात. म्हणून पेशी फोडणाऱ्या सीटॅबच्या द्रावणात मर्कॅप्टोइथेनॉल घालतात. सडक्या अंड्याचा तो वास खोलीत शिरला की तिथे नवखा कोण ते लगेच कळतं. मग पासष्ट अंशांचं गरम पाणी, क्लोरोफॉर्म, शेवटी आयसोप्रोपॅनॉल, आणि नळीच्या तळाशी डीएनएचा जेमतेम दिसणारा ठिपका.

त्यात माडाचा डीएनए बहुतेक सगळा, फायटोप्लाझ्माचा असला तर नाममात्र. म्हणून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, दोनदा. पहिल्या फेरीत जिवाणूच्या सोळा-एस या जनुकाचा लांब तुकडा वाढवतात, दुसऱ्या फेरीत त्याच्याच आतला सुमारे साडेबाराशे अक्षरांचा. दोन फेऱ्यांमध्ये नळी उघडावी लागते, आणि सगळी भीती तिथेच आहे. एका नमुन्याचा अदृश्य शिंतोडा दुसऱ्यात गेला तर निरोगी माड आजारी ठरतो. म्हणून प्रत्येक खेपेला एक नळी निव्वळ पाण्याची ठेवतात. वाढवलेले तुकडे ज्यावर पट्ट्यांसारखे दिसतात त्या जेलवर पाण्याच्या रांगेत पट्टी उमटली की ती खेप रद्द, बाकीच्या रांगा कितीही सुबक दिसोत. पट्टी बरोबर जागी उमटली तरी ती दुसऱ्याच जिवाणूची असू शकते. मग तिचा अक्षरक्रम वाचून घ्यावा लागतो.

खरी मेख मात्र कोऱ्या रांगेत आहे. मातृवृक्षाकडून हवं असतं ते ‘नाही’ हे उत्तर, आणि या चाचणीचं तेच उत्तर सगळ्यांत कच्चं. माडात फायटोप्लाझ्मा विरळ असतो, सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कापलेल्या हिरात नसला तरी शेजारच्या झावळीत असू शकतो. रस शोषणारे कीटक तो उद्या आणूनही सोडतील. कोरी रांग दिसली की घाईने प्रमाणपत्र लिहिण्यापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवणारी माणसं मला जास्त विश्वासाची वाटली. ती त्याच माडाचा नमुना पुन्हा घेतात, वर्षानुवर्षं पाती न्याहाळतात, नारळ मोजतात, त्याची रोपं रोगट वाड्यांतच लावून बघतात. सीटॅब आणि जेलचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. माडाचं नाव मातृवृक्षांच्या यादीत चढायला रोपं फळावर येईपर्यंत थांबावं लागतं.