विश्लेषण : अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले की लगेच ग्रीन कार्ड मिळते का?

अमेरिकेत राहणारा मुलगा किंवा मुलगी डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येते, लग्न उरकते आणि जानेवारीत एकटीच परत जाते. मागे राहिलेल्या जोडीदाराला घरचे सांगतात, ‘व्हिसाचे काय, महिन्याभरात होईल.’ प्रत्यक्षात अशा जोडप्यांना अनेकदा वर्षाहून अधिक काळ दोन देशांत राहावे लागते. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, ती कुठे अडते आणि तिच्यात भारतातून जाणाऱ्या जोडीदाराच्या हातात काय असते, याविषयी.

लग्नामुळे नेमके काय मिळते?

लग्नामुळे ग्रीन कार्ड मिळत नाही, ते मागण्याचा मार्ग खुला होतो. हा अर्ज भारतातील जोडीदाराला स्वतः करता येत नाही. अमेरिकेतील पती किंवा पत्नीला तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे ‘यूएससीआयएस’कडे ‘आय-१३०’ ही याचिका दाखल करावी लागते. याचिका त्यांच्या नावावर असल्याने ती मागे घेण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच राहतो. प्रक्रिया सुरू असताना घटस्फोट झाला, तर लग्नावर आधारलेला हा मार्ग बंद होतो. त्यामुळे याचिकेची पोचपावती, केस क्रमांक आणि भरलेल्या अर्जांच्या प्रती दोघांकडेही असायला हव्यात.

‘अमेरिकेत सेटल’ म्हणजे नक्की काय?

स्थळ पाहताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण पुढचे सारे त्यावर ठरते. जोडीदार अमेरिकेचा नागरिक असेल, तर पती-पत्नीच्या व्हिसावर वार्षिक संख्येची मर्यादा नसते. याचिका मंजूर झाली की पुढचा टप्पा सुरू होतो. जोडीदार केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर अर्ज ‘एफ-२ए’ या मर्यादित संख्येच्या गटात जातो आणि रांगेत थांबावे लागते. मधल्या काळात तो नागरिक झाला, तर याचिका नागरिकाच्या जोडीदाराच्या गटात वळवता येते.

जोडीदार ‘एच-१बी’ व्हिसावर नोकरी करत असेल, तर चित्र वेगळेच असते. त्याला आय-१३० दाखल करता येत नाही. त्याच्या पती किंवा पत्नीला ‘एच-४’ हा अवलंबितांचा व्हिसा मिळतो. तो तुलनेने लवकर मिळू शकतो, मात्र त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. एच-१बीधारकाची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल, तरच कामाचा परवाना मागता येतो.

साखरपुडा झाला आहे, लग्न अमेरिकेत करायचे आहे, अशांसाठी ‘के-१’ व्हिसा असतो. तो फक्त अमेरिकी नागरिकांच्या नियोजित वधू-वरांना मिळतो. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि अमेरिकेत पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावे लागते. भारतात विधिवत लग्न आधीच झाले असेल, तर हा मार्ग उरत नाही.

प्रक्रियेचे टप्पे कोणते?

पहिला टप्पा आय-१३०चा. एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार त्याचे शुल्क ऑनलाइन ६२५ डॉलर, तर कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर आहे. सर्वाधिक वेळ साधारणतः येथेच जातो. मंजुरीनंतर प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तेथे ‘डीएस-२६०’ हा ऑनलाइन अर्ज, कागदपत्रे आणि ‘आय-८६४’ हे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. हमी देणाऱ्याचे उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. २०२५च्या निकषांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६ हजार ४०० डॉलर होते. उत्पन्न कमी पडल्यास अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहहमीदार होऊ शकतो.

त्यानंतर ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी व लसीकरण आणि शेवटी मुलाखत. इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात.

मराठी कुटुंबांचे कागद कुठे अडतात?

सर्वात मोठी अडचण नावाची. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते आणि लग्नानंतर अनेक मुली मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव लावतात. मग जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, आधारवर तिसरे, अशी स्थिती होते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही. बदलायचेच असेल, तर ते प्रक्रियेच्या सुरुवातीला बदलावे आणि सर्व कागदांवर एकसारखे ठेवावे. अर्ध्या वाटेवर बदलल्यास प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागतो.

दुसरी अडचण जन्मदाखल्याची. जुन्या दाखल्यांवर अनेकदा बाळाचे नावच नसते. ते महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदणी कार्यालयातून भरून घ्यावे लागते. तिसरी लग्ननोंदणीची. मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणजे विवाह प्रमाणपत्र नव्हे, नोंदणी कार्यालयाने दिलेला दाखलाच लागतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली करायचे असेल, तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे गणित बसत नाही. आधीचे लग्न झाले असल्यास घटस्फोटाचा न्यायालयीन हुकूमनामा जोडावा लागतो. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो.

पहिल्या लग्नाचे मूल सोबत न्यायचे असेल, तर आणखी एक बाब महत्त्वाची. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराच्या याचिकेत मूल आपोआप येत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० लागते. सावत्र मूल म्हणून हा हक्क मिळण्यासाठी, मूल १८ वर्षांचे होण्याआधी दुसरे लग्न झालेले असावे लागते.

मुलाखतीत काय पाहतात?

लग्न खरे आहे का, हाच मुख्य प्रश्न. एकमेकांना भेटल्याची तिकिटे, फोनचा तपशील, समारंभातील दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो, पैशांचे व्यवहार असे पुरावे मागितले जातात. ठरवून केलेल्या लग्नात आधीच्या भेटी मोजक्याच असतात. त्यात लपवण्यासारखे काही नाही. स्थळ कोणी सुचवले, पहिली भेट कुठे झाली, होकार कसा ठरला, हे जसे घडले तसे सांगावे. एजंटने पढवलेली प्रेमकहाणी दोघांच्या उत्तरांत जुळली नाही, तर खऱ्या लग्नावरही संशय येतो. केवळ व्हिसासाठी केलेल्या खोट्या लग्नाला अमेरिकी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. असे लग्न सिद्ध झाल्यास पुढे कोणतीही कौटुंबिक याचिका मंजूर होण्याचा मार्ग बंद होतो.

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच अर्ज केला तर?

हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास मिळतो आणि तोच सर्वात धोक्याचा आहे. कायमचे राहण्याचा हेतू मनात ठेवून ‘फिरायला आलो’ असे विमानतळावर सांगणे ही खोटी माहिती ठरू शकते. त्यामुळे अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. शिवाय पर्यटक व्हिसा मागणाऱ्याने आपण परत येणार हे पटवून द्यायचे असते. आय-१३० प्रलंबित असताना ते पटवणे अवघड जाते. अर्जात याचिकेची माहिती विचारली जाते, ती लपवू नये.

दोन वर्षांचे ‘सशर्त’ ग्रीन कार्ड म्हणजे काय?

अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर दोन वर्षांचेच सशर्त कार्ड मिळते. त्यावर नोकरी लगेच करता येते. मात्र कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. ही तारीख चुकली, तर कायम वास्तव्याचा दर्जाच धोक्यात येतो. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली असतील, तर थेट दहा वर्षांचे कार्ड मिळते.

संसार मोडला तर परत यावेच लागते का?

नाही. ‘मी सही केली नाही, तर तुला भारतात परत पाठवतील’, ही धमकी अनेक घरांत दिली जाते. पण लग्न प्रामाणिकपणे केले होते आणि नंतर घटस्फोट झाला किंवा छळ झाला, हे दाखवता आले, तर जोडीदाराच्या सहीशिवाय एकट्याने आय-७५१ अर्ज करता येतो. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळाला बळी पडलेल्या पती-पत्नीला स्वतःची याचिका दाखल करण्याची सोयही कायद्यात आहे. हमीपत्राची जबाबदारीही घटस्फोटाने संपत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्यांची स्थिती अधिक नाजूक असते. घटस्फोट झाला की तो दर्जा संपतो. यासाठीच पासपोर्ट, ग्रीन कार्ड आणि विवाहाचा दाखला स्वतःच्या ताब्यात ठेवणे हा अविश्वास नव्हे, साधी खबरदारी आहे.

नागरिकत्व कधी?

नागरिक जोडीदारासोबत एकत्र राहत असल्यास ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांनी, एरवी पाच वर्षांनी अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. ‘ओसीआय’ कार्डावर भारतात येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

शुल्क आणि नियम वारंवार बदलतात. पैसे भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरचा चालू दर पाहावा आणि गुंतागुंत असल्यास परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचाच सल्ला घ्यावा. त्याहीआधी, लग्नाची बोलणी सुरू असतानाच विचारण्याचा प्रश्न एकच आहे : नागरिक, ग्रीन कार्डधारक की एच-१बी? पत्रिका पाहताना हेही विचारून घेतले, तर पुढची ताटातूट किती काळाची, याचा अंदाज दोन्ही घरांना आधीच येईल.