एम.आर.आय. तपासणीची भीती आणि संगीताचा आधार

डॉक्टरांनी एम.आर.आय. काढायला सांगितले की अनेकांच्या पोटात गोळा येतो. पैशांची जुळवाजुळव करून, नंबर लावून गेलेले काही रुग्ण यंत्राच्या तोंडाशी जाऊन परत फिरतात. तपासणी राहते, निदान लांबते आणि उपचारही लांबतात. म्हणून ही भीती कशाची व तिच्यावर उपाय काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकक्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील भागांची चित्रे घेतली जातात. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणीच्या वेळी सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर रुंदीच्या बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते. बहुधा २० ते ४५ मिनिटे लागतात. त्यातच ठकठक असा मोठा आवाज होतो. यंत्रातील तारांच्या वेटोळ्यांतून विद्युतप्रवाह भराभर बदलतो आणि चुंबकक्षेत्रामुळे त्यांना हादरे बसतात, त्याचा हा आवाज. तो १०० डेसिबलच्या वरही जातो. यंत्र बिघडले, असा त्याचा अर्थ नव्हे.

घाबरलेला माणूस हलतो. हलला की चित्र पुसट येते व पुन्हा घ्यावे लागते. काहींना गुंगीचे औषध द्यावे लागते. येथे संगीत उपयोगी पडते. ओळखीच्या, संथ सुरांकडे लक्ष वळले की श्वास सावकाश होतो आणि वेळ लवकर सरल्यासारखा वाटतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेविषयी कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली २६ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यातही संगीताने चिंता कमी होण्यास मदत होते असे दिसून आले.

मात्र आपला मोबाईल किंवा नेहमीचा हेडफोन आत नेता येत नाही. त्यांतील लोखंड व चुंबक धोकादायक ठरतात. म्हणून गाणे बाहेरच्या खोलीतून लावतात आणि अनेक ठिकाणी ते प्लॅस्टिकच्या नळीतून हवेवाटे कानापर्यंत पोचवतात. हेच हेडफोन यंत्राचा आवाजही कमी करतात.

रुग्णाने तंत्रज्ञाला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: किती वेळ लागेल, आवडीचे संगीत लावता येईल काय, आणि त्रास झाल्यास दाबायचा फुगा कोठे आहे? बासरी असो वा जुने भावगीत, निवड रुग्णाचीच असावी. पेसमेकर किंवा शरीरातील धातूची माहिती आधीच द्यावी.

संगीत हा सर्वांवरचा रामबाण उपाय नव्हे. फार भीती वाटत असल्यास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, त्यात कमीपणा नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची अशी तपासणी असेल, तर त्यांच्यासोबत जा व आत काय होणार ते आधी समजावून सांगा. माहिती आणि सोबत मिळाली की निम्मी भीती तेथेच ओसरते.