प्रश्नावलीचीच परीक्षा

‘तुमचे मन किती सजग?’ छापाच्या चाचण्या आपण सहज सोडवतो. पण अशी प्रश्नावली परभाषेतून आणली, तर तिच्या गुणांवर विसंबायचे कधी? रूथ बेअर आणि सहकाऱ्यांची २००६ची ३९ विधानांची सजगता-प्रश्नावली घ्या. तिचा अनुवाद झाला की तो दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करवून मुळाशी ताडतात. एवढे पुरे, असे कुणी म्हणेल. नाही; खरी कसोटी उत्तरांची. सजगतेच्या एकेका पैलूच्या विधानांना मिळणारी उत्तरे परस्परांशी जुळतात का, हे पाहावे लागते. आंघोळीच्या पाण्याचा स्पर्श जाणीवपूर्वक टिपता का, अशा ‘निरीक्षण’ या पैलूच्या विधानांनी तर मूळ इंग्रजीतच चकवले: ध्यान न करणाऱ्यांत ती इतर पैलूंशी नीट जुळेनात. शरीराकडे बारीक लक्ष चिंतातुर माणसाचेही असतेच! म्हणून नव्या भाषेतही ध्यान करणारे आणि न करणारे, दोघांवर पारखल्याशिवाय ही प्रश्नावली वापरू नये.