ध्वनीची किर्द आणि खतावणी

लिखित कागदावरून दृष्टी फिरविता फिरविता हवी ती ओळ हाती लागते, मधली पाने ओलांडता येतात, शेवटचे प्रकरण आधी वाचता येते. ध्वनीच्या बाबतीत मात्र ही सवलत निसर्गानेच नाकारलेली आहे, कारण ध्वनी काळात उलगडतो, आणि तासाभराच्या संभाषणात नेमके कोठे काय बोलले गेले हे कळण्यासाठी तासभर कान देऊन बसण्यावाचून गत्यंतर नसते. थॉमस एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याच्या संभाव्य उपयोगांची जी यादी दिली, तिच्यात पहिला मान गायनाला न देता लघुलेखकाच्या साहाय्यावाचून पत्रे व मजकूर सांगण्याच्या सोयीला दिला. ती आकांक्षा आज प्रत्येकाच्या खिशात साकार झालेली आहे. सभेचा वृत्तान्त, वैद्याने सांगितलेले पथ्य, आजीने सांगितलेली लोणच्याची कृती, अध्यापकाचे व्याख्यान, रस्त्याने चालताना सुचलेली कल्पना, असे सारे काही आपण निश्चिंतपणे ध्वनिमुद्रित करतो आणि तितक्याच निश्चिंतपणे गमावून बसतो.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. व्यवहार जसजसा घडेल तसतशी त्याची नोंद जिच्यात व्हावयाची ती किर्द. आणि त्याच नोंदी पुढे नावानिशी, खात्यानिशी वेगवेगळ्या करून जिच्यात उतरावयाच्या ती खतावणी. फोन केवळ किर्द लिहितो. कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी, किती वेळ, एवढेच त्याला ठाऊक असते. आणि आपण मात्र त्याच्यापाशी खतावणीचे प्रश्न घेऊन जातो, की गच्चीच्या दुरुस्तीविषयी चिटणीस काय म्हणाले होते, अथवा त्या वृद्ध शाहिराने आपल्या गुरूचे नाव कोणते सांगितले होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही रोजकीर्दीचे कागद आहेतच; परंतु गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेला तो मजकूर विषयवार होऊन अभ्यासकांच्या हाती आला.

फोनमधील मुद्रणांचा पसारा इतका वाढण्याचे कारण ध्वनी साठविण्याच्या स्वस्ताईत आहे. फोनच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रामागे सिलिकॉनचा एक सूक्ष्म पडदा असतो; हवेच्या कंपनांनी तो हलला की त्याच्या व मागील पट्टीच्या दरम्यानची विद्युत्‌धारिता बदलते, आणि त्या बदलाचे मोजमाप दर सेकंदाला बहुधा ४४,१०० वा ४८,००० वेळा घेतले जाते. प्रत्येक मोजमापास १६ बिट दिले आणि काहीही न वगळता सर्व आकडे ठेवले, तर ४४,१०० च्या हिशेबाने एका तासास सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागेल. तथापि मानवी कानास जे जाणवत नाही ते गाळून टाकणाऱ्या संक्षेपपद्धती वापरल्याने हा भार ३० मेगाबाइटांच्या खाली येतो, आणि केवळ बोलण्यासाठी ‘ओपस’सारखी पद्धती सेकंदाला १६,००० बिटांवर चालविली तर सातच मेगाबाइटांत तास मावतो. जागेची चणचण नाही म्हणून पुसण्याची निकड नाही, आणि पुसण्याची निकड नाही म्हणून पाहण्याची सवय नाही, अशी ही परंपरा आहे.

आता शोधाकडे वळू. अँड्रॉइड फोनवर २०२१ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून ध्वनिमुद्रणांसाठी ‘रेकॉर्डिंग्ज’ नावाचा स्वतंत्र फोल्डर नेमून दिलेला आहे. त्यापूर्वी मात्र प्रत्येक निर्माता आपल्या मर्जीप्रमाणे जागा ठरवीत असे, त्यामुळे जुन्या फोनवर अंतर्गत साठ्यात ‘व्हॉइस रेकॉर्डर’, ‘साउंड्स’ अशा नावांखाली धुंडाळावे लागते. आयफोनवरील मुद्रणे ‘व्हॉइस मेमोज’ या ॲपच्याच ताब्यात राहतात. ‘फाइल्स’मध्ये ती शोधणारा मनुष्य रिकाम्या हाताने परततो. पुसलेले मुद्रणही तेथे, वेगळा हुकूम दिलेला नसल्यास, ३० दिवस राखून ठेवलेले असते, हे घाबरलेल्यांनी ध्यानात ठेवावे. सर्वांत दुर्लक्षित साठा व्हॉट्सॲपचा: त्यातील बोलके निरोप अँड्रॉइडवर एका आडबाजूच्या फोल्डरात जमतात आणि त्यांच्या नावांत ‘पीटीटी’ ही अक्षरे, आठ अंकी तारीख व अनुक्रमांक एवढाच ऐवज असतो. फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर नेली की बाहेर दिसणारी तारीख पुष्कळदा नक्कल केल्याची होऊन बसते, मूळ मुहूर्त फाइलीच्या पोटात तसाच राहिला तरी. त्या पोटातल्या घड्याळाची एक गंमत सांगण्याजोगी आहे: ‘एमपी-४’ कुळातील फाइली काळ मोजतात तो १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत, म्हणजे लोकमान्य टिळक मंडालेस जाण्याच्याही आधीपासून.

मुद्रण सापडले की त्याची अक्षरी नक्कल करण्याचे काम येते, आणि ते आज यंत्रावर सोपविता येते. बेल प्रयोगशाळेतील ‘ऑड्री’ या यंत्राने १९५२ साली परिचित आवाजात थांबून थांबून उच्चारलेले शून्य ते नऊ हे अंक ओळखले, तेव्हा त्याचे कौतुक झाले होते. आजची पद्धती ध्वनीचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे, दर १० मिलिसेकंदांनी एक पाऊल पुढे सरकत, घेते. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे याचे चित्र काढते. आणि अशा चित्रांच्या मालिकेवरून कोणते अक्षर, कोणता शब्द संभवतो याचा अदमास सहस्रावधी तासांच्या शिक्षणाने तयार झालेल्या जालाकडून (न्यूरल नेटवर्ककडून) घेते. ओपनएआय या संस्थेने २०२२ च्या सप्टेंबरात खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकविलेली होती. परंतु त्यांपैकी इंग्रजीखेरीज ९६ भाषांच्या वाट्यास मिळून १,१७,००० तास आले, आणि तेही समप्रमाणात नव्हे. भारतीय भाषांची ही उणीव भरून काढण्याचा उद्योग मद्रासच्या आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ हा गट आणि केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम करीत आहेत.

मराठीपुरते पाहिले तर अडचणींचे स्वरूप मोठे मनोरंजक आहे. ‘केलं’ असे बोलले गेले असता ‘केले’ असे लिहावयाचे की जसेच्या तसे, हा निर्णय आपण जाणूनबुजून करतो, यंत्र तो आपल्या शिक्षणाच्या ओघात परस्पर करून टाकते. ‘सव्वादोनशे’ म्हणजे २२५, ‘पाऊणशे’ म्हणजे ७५ आणि ‘अडीच हजार’ म्हणजे २,५०० हा आपल्याला बाळबोध वाटणारा हिशेब ज्या यंत्राला साधला नाही, त्याच्या टिपणात वर्गणीचे आकडे कसे उतरतील याची कल्पनाच केलेली बरी. विशेषनामे तर बहुधा बिघडतातच, आणि वऱ्हाडी वा मालवणी वळणाचे बोलणे असले की वृत्तनिवेदकाच्या भाषेवर पोसलेले यंत्र गडबडते. याहून गंभीर दोष असा, की शांततेच्या वा अस्पष्टतेच्या जागी यंत्र कधी कधी कोणीही न उच्चारलेले वाक्य सफाईने घालते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिस्परने केलेल्या सुमारे एक टक्का नकलांत अशी सर्वस्वी कल्पित वाक्ये वा वाक्यखंड आढळले, आणि बोलताना फार थांबणाऱ्या, वाचाघाताने पीडित माणसांच्या बाबतीत त्यांचे प्रमाण अधिक निघाले. चुकीचा शब्द डोळ्यांस खुपतो, पण व्याकरणशुद्ध असत्य खुपत नाही. म्हणून नकलेतील प्रत्येक परिच्छेदापुढे मिनिट-सेकंदांची खूण राखणे आणि महत्त्वाच्या जागी मूळ ध्वनीशी रुजुवात घालणे यांस पर्याय नाही.

नक्कल म्हणजे टिपण नव्हे. मिनिटास शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने तासाभरात सहासात हजार शब्द होतात, आणि त्यांतले कामाचे फार तर दोनशे असतात. हे दोनशे निवडण्याचे कामही आता भाषायंत्रे करू लागली आहेत व ते बरेचसे चांगले करतात. मात्र सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ‘रंगकाम दिवाळीपूर्वी उरकून घ्यावे असे वाटते’ एवढेच एखादा सभासद म्हणाला असेल, तर सारांशात ‘रंगकाम दिवाळीपूर्वी करण्याचे ठरले’ असे अवतरण्याचा संभव असतो, आणि इतिवृत्तात ‘ठरले’ या क्रियापदाला काय वजन असते हे ज्याने चिटणीसपद भूषविले आहे त्याला सांगावयास नको. म्हणून झालेले निर्णय, सोपविलेली कामे आणि नुसती मते ही तीन खाती प्रारंभीच वेगळी मागावीत, व पहिल्या दोहोंतील प्रत्येक नोंदीपुढे बोलणाऱ्याचे नाव आणि वेळेची खूण असावी, अशी अट यंत्राला घालणे इष्ट.

ध्वनीची खतावणी कशी असावी याचा आदर्श पाहावयाचा तर तो महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाख दहा हजारांहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार बेल या फ्रेंच संगीतसंशोधकाच्या सहभागाने त्यांपैकी अनेकींचे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातर्फे वाचकांपुढे येत आहे. संख्या मोठी आहेच, पण त्याहून मोठी आहे ती तिच्यामागची व्यवस्था. गाणारी कोण, गाव कोणते, ओवीचा विषय कोणता, हा तपशील मजकुराशी बांधलेला असल्याने, लेकीच्या सासुरवासाच्या ओव्या पाहू इच्छिणाऱ्याला शेकडो फिती ऐकत बसावे लागत नाही. हे वर्गीकरण कोणत्याही यंत्राने केलेले नाही. जात्याची घरघर, लांबविलेले स्वर आणि मध्येच दुसरीने उचललेली ओळ यांतून शब्द वेगळे काढण्यास माहीतगार कानच हवा होता.

घरगुती मुद्रणांना एवढा सायास अर्थातच नको. मुद्रण सुरू करताच पहिल्या दहा सेकंदांत तारीख, मुक्काम, बोलणाऱ्याचे नाव आणि विषय स्वमुखाने सांगून टाकावा, म्हणजे फाइलीचे नाव हरवले तरी शीर्षक ध्वनीतच राहते, आणि यंत्राने केलेल्या नकलेच्या पहिल्याच ओळीत ते आपोआप येते. फाइलीचे नाव बदलताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे अंकांच्या क्रमानेच काळाचा क्रम लागतो. दिवस आधी लिहिला की जानेवारीची पहिली तारीख आणि डिसेंबरची पहिली तारीख शेजारी येऊन बसतात. दुसऱ्याचे बोलणे टिपण्यापूर्वी त्याची अनुमती त्याच्याच आवाजात घ्यावी. वैद्यकीय, कौटुंबिक वा कोर्टकज्ज्यांचा मजकूर दूरच्या संगणकावर नक्कल करावयास धाडण्यापेक्षा स्वतःच्या संगणकावर चालणारी प्रणाली बरी; ती थोडी सावकाश चालेल, पण मजकूर घराबाहेर जाणार नाही.