काशानचा गालिचा : गाठींचा हिशेब

‘गालिचा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. इराणमध्ये तब्रीझ, केरमान, नाईन अशी गालिच्यांची अनेक प्रसिद्ध केंद्रे आहेत. त्यांत तेहरान आणि इस्फहान यांच्या दरम्यान, वाळवंटाच्या कडेला वसलेल्या काशानचे स्थान मानाचे आहे. मात्र आज काशानच्या नावाने विकला जाणारा सगळा माल एका मोलाचा नसतो. हा भेद समजण्यासाठी गालिचा कसा घडतो, हे पाहिले पाहिजे.

उभ्या मागावर बहुधा सुती ताणा बसवतात. विणकर आराखड्यावरून रंग निवडते, लोकरीचा धागा ताण्याच्या दोन तारांत गुंतवून गाठ घालते आणि सुरीने कापते. एका तारेला पूर्ण वेढा व शेजारच्या तारेमागून केवळ फेर, ही फारसी गाठ होय. ओळ पूर्ण झाली की आडवा बाणा घालून जड फणीने ती ठोकून बसवतात. येथील विणकरांत दोन तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आहेत आणि ही विद्या आईकडून मुलीकडे जाते. युनेस्कोने २०१० साली या कौशल्याचा मानवी वारशाच्या यादीत समावेश केला.

आता हिशेब मांडू. दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब गालिचा, प्रत्येक चौरस मीटरला तीन लाख गाठी, म्हणजे एकूण अठरा लाख. कुशल हात दिवसाला आठ हजार गाठी घालतो असे धरले, तरी एका व्यक्तीचे सव्वादोनशे दिवस त्यात जातात. गालिच्याची खरी किंमत या दिवसांची आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिच्यात अडीच कोटींहून अधिक गाठी आहेत. त्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४० हे वर्ष विणलेले आहे. १८९३ साली संग्रहालयाने तो दोन हजार पौंडांना घेतला.

पुढे काशानचा हा व्यवसाय मंदावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पुन्हा कसा उभा राहिला, याची कथा व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. परदेशी कापडापुढे स्थानिक विणकाम बसले आणि हाजी मुल्ला हसन या व्यापाऱ्याकडे आयात केलेले मेरिनो लोकरीचे सूत पडून राहिले. त्यांच्या पत्नीला गालिचा विणता येत असे. तिने त्याच सुताचा गालिचा विणला, तो लोकांना आवडला आणि गावात माग पुन्हा सुरू झाले, असे सांगतात. अडकलेल्या मालाला घरातल्या हुनराने वाट काढून दिली.

आज काशान आणि शेजारचे आरान-ओ-बिदगोल ही यंत्रावरच्या गालिच्यांचीही मोठी केंद्रे आहेत. तो माल वाईट नव्हे. पण तो हाताच्या भावाने घेणे हा तोट्याचा व्यवहार होय. ७००, १०००, १२०० ‘शाना’ हे आकडे यंत्राच्या विणीची दाटी सांगतात, हाताच्या गाठी नव्हेत.

म्हणून खरेदीच्या वेळी गालिचा उलटून पाहावा. हाताच्या कामात नक्षी पाठीवरही तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठींत किंचित कमीजास्तपणा असतो. लव दोन बोटांनी फाकवली की बुडाशी गाठ दिसते. टोकाची झालर ही ताण्याचीच टोके असतात. यंत्राच्या गालिच्याला ती बहुधा वरून शिवलेली असते.

अहिंसेच्या विचाराने रेशीम वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक चौकशी करावी. अर्दबील गालिच्याची लव लोकरीची, पण ताणा व बाणा रेशमी आहे. तेव्हा केवळ लव पाहून भागत नाही. ताणा कशाचा, हे विचारून ते बिलावर लिहून घ्यावे.

तारण ठेवताना बँक नावापेक्षा वस्तू पाहते. गालिच्याच्या बाबतीत ती वस्तू पाठीवर दिसते, आणि तेथे विणणारीचे सव्वादोनशे दिवस मोजून घेता येतात.